रेडिओवर न घेतलेलं नाव

गावच्या हायस्कुलाला रेडिओ केंद्राची परवानगी मिळाली तेव्हा मारुतीरावांना वाटलं, आता आपल्या आवाजाचं काहीतरी होईल.

आवाज त्यांच्याकडे पहिल्यापासून होता. शेतकी सोसायटीचं चेअरमनपद त्यांनी बहुतांशी आवाजावरच सांभाळलं. सभेत माइक बंद पडला की लोकांचे चेहरे उतरायचे, कारण मारुतीराव माइकवाचूनही थांबत नसत. चेअरमनपद जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाव अजून त्यांना चेअरमनच म्हणत होतं. पोरंठोरं आजोबा म्हणत. ‘मारुतीराव’ हे नाव आता फक्त लग्नपत्रिकेत खाली, निमंत्रकांच्या गर्दीत छापून येई, आणि तिथवर कुणी वाचत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

बेळगावजवळ, येळ्ळूर आणि मच्छे यांच्या मधल्या शिवारात हे गाव. हायस्कुलातल्या जुन्या अडगळीच्या खोलीला आतून अंड्यांचे ट्रे ठोकून स्टुडिओ केला होता. संस्थेच्या शाकाहारी संचालकांनी एवढे ट्रे आणले कुठून याची चौकशी टाळली. पाण्याच्या टाकीवर लोखंडी मनोरा उभा राहिला. विज्ञानाचे भीमरत्न सर केंद्राचे प्रमुख झाले आणि शेतकऱ्याला जवळचं वाटावं म्हणून त्यांनी ‘रेडिओ बांध’ असं नाव ठेवलं. गावातली निम्मी भांडणं बांधावरूनच होतात हे त्यांना, विज्ञान शिकवत असल्यामुळं, जरा उशिरा कळलं.

या रेडिओचे नियम साधे होते. जाहिरात नाही, नफा नाही, निवडणुकीचा प्रचार नाही. एवढं वगळल्यावर माणसानं बोलायचं तरी काय, असा प्रश्न सोसायटीतल्या काही जाणत्यांना पडला. सकाळी कन्नड कार्यक्रम, संध्याकाळी मराठी, आणि हवामान दोन्ही भाषांत. पाऊस मात्र कुठल्याच भाषेतलं ऐकत नसे. आवाज पिरनवाडीपर्यंत चांगला जायचा, मच्छेच्या कारखान्यांतही लागायचा, पुढं बेळगावात शिरला की रिक्षांच्या गर्दीत विरून जायचा.

‘गावातली माणसं’ या कार्यक्रमासाठी सरांनी पहिलं नाव सुचवलं ते चेअरमनांचंच. एका रविवारी नववीतली तेजस्वी हातात रेकॉर्डर घेऊन दारात उभी राहिली.

“बस बाळ. आलोच,” म्हणून मारुतीराव आत गेले. रेडिओवर चेहरा दिसत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी दाढी केली. मग खळीची टोपी सापडेना. ती सापडली, तर भाषणाची सुरुवात ‘बंधूभगिनींनो’नं करावी की ‘श्रोतेहो’नं, हे आरशापुढं ठरेना.

बाहेर सोप्यात त्यांची बायको रुक्माबाई सुपात मसूर पाखडत बसली होती. तिनं हात न थांबवता विचारलं, “ते काय गं, लाल दिवा पेटूलालाय?”

“आजी, ह्यात बोललेलं समदं साठतंय.”

“समदं?”

“समदं.”

“मग मसुरीत खडं का येत्यात ते साठव बघू,” असं म्हणून रुक्माबाई बोलायला लागली. खडे कुणाच्या खळ्यावरून येतात, कुणाचं खळं शेणानं नीट सारवलेलं असतं, कुणाच्या सुनेनं सारवायचं सोडून मोबाइल हातात धरलाय, त्या सुनेच्या आईनं तिच्या लग्नात काय गोंधळ घातला होता, असं ते गावभर फिरून परत सुपात आलं. मारुतीराव टोपी घालून बाहेर आले तेव्हा रेकॉर्डरची बॅटरी संपलेली होती.

“आजोबा, पुढच्या रविवारी येतो,” तेजस्वी म्हणाली.

ती परत आली, पण रुक्माबाईला न्यायला. भीमरत्न सरांनी ते बोलणं ऐकलं होतं आणि दर बुधवारी संध्याकाळी अर्धा तास रुक्माबाईंचा असं ठरवून टाकलं होतं. कार्यक्रमाचं नाव ‘बुधवारची पाखडण’.

मारुतीरावांनी मोठ्या मनानं परवानगी दिली. ती कुणी मागितली नव्हती.

दिवाळीपर्यंत ‘पाखडण’ घरोघरी लागायला लागली. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या बायका डेअरीतच थांबायच्या. मच्छेच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीची पोरं मशिनवर रेडिओ ठेवून ऐकायची. यामागं गुपित असं काही नव्हतं. रुक्माबाई माणसाचं नाव घेतल्याशिवाय गोष्ट सांगत नसे. अमक्याचा बैल, तमकीचं लोणचं, फलाण्याच्या घरची वाटणी, असं नावानिशी. ज्याचं नाव यायचं तो लाजायचा, चिडायचा आणि पुढच्या बुधवारी सगळ्यांच्या आधी रेडिओ लावून बसायचा.

एकाच माणसाचं नाव ती घेत नसे. नवऱ्याचं नाव तोंडात आणायचं नाही हे ती सासरी आल्या दिवसापासून पाळत आली होती. उखाण्यात घ्यायचं, तेही चार बायांनी कोंडीत पकडल्यावर. एरवी ‘आमचे हे’. त्यामुळं रेडिओवरही ‘आमचे हे’च आले. आमचे हे चहा निवला तरी फुंकर मारत्यात. आमचे हे कुठं बसले की आधी डाव्या पायातली चप्पल काढत्यात, उजवी ऱ्हाऊ देत्यात, का ते देवाला म्हायत. आमचे हे विहिरीवरची मोटार बंद करायला गेले की मोटारीला बी भाषण देऊन येत्यात.

लोक हसायचे. पिरनवाडीच्या बाजारात भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी देता देता मारुतीरावांच्या पायाकडं बघितलं आणि विचारलं, “तुमी रुक्माक्कांचे हे न्हवं?”

“मी मारुतीराव,” ते म्हणाले. “सोसायटीचा माजी चेअरमन.”

“व्हय व्हय, तेच की. हे,” असं म्हणून तिनं दोन मिरच्या वर घातल्या.

हे सगळं एक वेळ त्यांनी गिळलं असतं. बायकोचं कौतुक झालं तर नवऱ्यानं वाईट वाटून घेऊ नये एवढी सुधारणा त्यांच्यात झालेली होती. खरी आग लावली ती मष्णूनं.

मष्णू म्हणजे त्यांच्या रानाला रान लागून असलेला शेतकरी. दोघांमधे एक बांध, आणि तो बांध दरवर्षी कुणाच्या बाजूला सरकतो यावर दोघांची ठाम आणि वेगवेगळी मतं. शाळेत एका बाकावर होते. मारुतीराव पुढं मॅट्रिक झाले, मष्णू सातवीतनं बैलांमागं गेला. त्याला चारचौघांत बोलता येत नसे. सभेत तो मागच्या भिंतीला टेकून झोपायचा, तेसुद्धा मारुतीरावांच्या भाषणात.

आणि रुक्माबाईच्या पाखडणीत बघावं तर मष्णू. मष्णूनं बियाणाची मसूर राखेत घोळून ठेवली म्हणून कीड न्हाय लागली. मष्णूचा खोंड मष्णूच्या शिट्टीशिवाय पाणी पीत न्हाय. मष्णू बदकाला भितो. मष्णूला इचारा, मष्णूकडं जावा, मष्णूसारखा भात लावायला ह्या शिवारात दुसरा न्हाय. त्यात वावगं काही नव्हतं. मष्णूची शेती खरंच चांगली होती. मारुतीरावांना तेच जास्त लागलं.

लोक पिरनवाडीहून मष्णूचं बियाणं मागायला यायला लागले. एका वरातीतल्या पोरांनी मष्णूला ओळखून त्याच्याबरोबर फोटो काढले. हायस्कुलाच्या क्रीडा महोत्सवाचा नारळ मष्णूच्या हातानं फुटला. नारळ फोडून तो काहीच न बोलता खाली उतरला, तरी टाळ्या पडल्या. आणि कळस म्हणजे मष्णूच्या घरात रेडिओ नव्हता. त्यानं तो कार्यक्रम एकदाही ऐकलेला नव्हता. माणूस एखाद्या गोष्टीसाठी तळमळत असावा आणि शेजाऱ्याला ती न मागता मिळावी, वर त्याला ती मिळाल्याचं कळूही नये, हा अन्याय कुठल्या कोर्टात मांडायचा हे मारुतीरावांना समजेना.

“मष्णूचं नाव काल कितींदा घेतलंस?” एकदा जेवताना त्यांनी सहज असल्यासारखं विचारलं.

“कवा?”

“काल. रेडिओत.”

“तुमी मोजूलालाय काय?”

“मोजतंय कोण. कानावर पडलं.”

रुक्माबाईनं भाकरी ताटात टाकली. “मष्णूची गोष्ट सांगायची तर मष्णूचं नाव घ्यायला नको? का तुमचं घेऊ?” असं म्हणून ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की जसं काही तिनं फार चावट बोलून टाकलं होतं.

घे की, एवढे दोनच शब्द मारुतीरावांना बोलायचे होते. आयुष्यभर माइकपुढं उभ्या राहिलेल्या या माणसाला ते जमले नाहीत. त्यांनी आमटी मागितली.

सरळ मार्ग बंद झाल्यावर त्यांनी वाकडे मार्ग धरले. आधी ते भीमरत्न सरांना जाऊन भेटले.

“सर, एवढा कार्यक्रम चाललाय. सुरवातीला एक ओळ असावी. ‘हा कार्यक्रम मारुतीराव अमुकअमुक यांच्या सौजन्यानं.’ खर्चाचं मी बघतो.”

सर वायर गुंडाळत होते. “चेअरमन, आपल्याकडं सौजन्य चालत नाही.”

“म्हणजे?”

“बिगर-व्यापारी केंद्र आहे. कुणाच्या सौजन्यानं काही करता येत नाही. उद्या एखादा खतवाला सौजन्य घेऊन आला तर त्याला कसं अडवू?”

“मी खत विकत नाही.”

“ते मला माहीत आहे. पण लायसनला माहीत नाही,” सर नम्रपणे म्हणाले. माणूस भला होता आणि कायदा त्याच्या बाजूनं होता. अशा माणसावर रागावायलाही जागा सापडत नाही.

मग संक्रांत आली. मारुतीरावांनी तेजस्वीला गाठून सुचवलं, की रेडिओवर हळदीकुंकू ठेवा, उखाण्यांचा कार्यक्रम करा, आपली संस्कृती टिकली पाहिजे. संस्कृतीची एवढी काळजी त्यांनी चेअरमन असतानाही केली नव्हती. तेजस्वीला कल्पना आवडली. स्टुडिओत गावच्या बायका दाटीवाटीनं बसल्या. मारुतीराव घरी रेडिओला कान लावून बसले. शेजारच्या दोघाचौघांना त्यांनी मुद्दाम चहाला बोलावलं होतं.

एकेक बाई नाव घेऊ लागली. गावातल्या झाडून सगळ्या नवऱ्यांची नावं हवेतनं गेली. त्यात दारुडे होते, थकबाकीदार होते, एक तर बायकोला टाकून गोव्याला गेलेला होता, त्याचंही नाव गेलं. मग मष्णूची बायको जयाबाई उठली:

“मसुरीच्या राशीवर उन्हाची साय,
मष्णूरावांचं नाव घेते, लाजायचं काय!”

स्टुडिओत हशा आणि टाळ्या. चहाला आलेल्यातला एकजण म्हणाला, “मष्णूराव झालं की रं आता.”

आता रुक्माबाईची पाळी, म्हणून मारुतीरावांनी आवाज वाढवला. रेडिओतनं रुक्माबाईचाच आवाज आला, “चला, ऱ्हायलं का कुणी? समद्यांनी घेतली न्हवं नावं? मग आता तिळगूळ वाटू.”

ती वाटणारी होती. कार्यक्रम चालवणाऱ्या बाईला कोंडीत धरायचं कुणाला सुचलंच नाही.

पाहुणे चहा पिऊन गेले.

बेपत्ता होण्याची कल्पना त्यांना पुढच्या महिन्यात सुचली. रोज संध्याकाळी, बुधवारी ‘पाखडणी’च्या आधी, ‘हरवलं-सापडलं’ लागायचं. वासरू हरवलं, चष्मा सापडला, कुणाची तरी पाण्याची बाटली वर्गात राहिली. एकदा शेजारच्या गावचे एक वृद्ध गृहस्थ वाट चुकले, तर त्यांचं पूर्ण नाव, गाव, सदऱ्याचा रंग, सगळं व्यवस्थित सांगितलं गेलं. ऐकायला फार भारदस्त वाटलं. हरवलेल्या माणसाला नाव लागतंच, मारुतीरावांनी विचार केला. ‘आमचे हे’ हरवले म्हणून कुणी शोधणार नाही.

एका बुधवारी रुक्माबाई गोठ्यात असताना त्यांनी मोबाइल मुद्दाम चार्जिंगला लावून ठेवला. वर्णन चांगलं व्हावं म्हणून दुधी रंगाचा नवा सदरा आणि नवी टोपी घातली, छोटा रेडिओ पिशवीत टाकला आणि बेळगावला जाऊन निपाणीची बस धरली. बेपत्ता व्हायचं तर जरा लांब जावं, जवळपास बेपत्ता झालेल्याला कोण विचारतं, असा हिशोब होता. निपाणीला मुलगी दिली होती, पण तिच्याकडं जाण्यात अर्थ नव्हता. तिनं दारातनंच आईला फोन केला असता.

निपाणीच्या स्टँडवर बाकडं बघून ते बसले आणि रेडिओ चालू केला. खरखर. बटण फिरवलं. कुठलंसं कन्नड गाणं लागलं, मग परत खरखर. त्यांनी रेडिओ उलटा केला, एरियलची काडी लांब केली, बाकड्यावर उभं राहून बघितलं. एका कंडक्टरनं “यजमानरे, इळीरी,” म्हणत त्यांना खाली उतरवलं.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. रेडिओ बांध पिरनवाडीच्या पुढं धड पोचत नाही, तो निपाणीला कसला पोचतो? त्यांचं नाव चार गावांत दुमदुमत असताना ते इथं तंबाखूच्या पोत्यांशेजारी खरखर ऐकत बसणार होते. उभी हयात सीमाप्रश्नावर भाषणं ठोकलेल्या माणसाला, आपण नेमक्या कुठल्या हद्दीबाहेर आलोय हे स्टँडवर उतरल्यावर कळावं, हे त्यांनाही बरं दिसलं नाही. त्यांनी पहिली बस पकडली आणि बेपत्ताच्या अवस्थेतच माघारी निघाले.

कार्यक्रमाच्या वेळेला ते मच्छेला पोचले होते. कारखान्यांच्या रस्त्यावर आण्णाप्पाचं चहाचं हॉटेल आहे. तिथं ओळखीचं कुणी नव्हतं आणि फळीवर रेडिओ चालू होता. मारुतीराव कोपऱ्यातल्या बाकावर टेकले. पाळी सुटलेली पोरं भजी खात बसली होती. चहा आला. तेजस्वीचा आवाज लागला.

“हरवलं-सापडलं. एक तपकिरी कालवड हरवली आहे. हायस्कुलाच्या मैदानावर एक किल्ली सापडली आहे. आणि आजची शेवटची सूचना रुक्माआजी स्वतः देणार आहेत.”

मारुतीरावांनी टोपी सारखी केली. त्यांनी कप तोंडाशी धरला.

“ऐका बायांनो, बाप्यांनो,” रुक्माबाई म्हणाली. आवाजात काळजी अजिबात नव्हती. “आमचे हे सकाळधरनं घरात न्हाईत. नवी टोपी घातलीया. कुणाला दिसलं तर कळवा. भात निवूलालाय म्हणावं.”

“आजी, नाव सांगा ना,” तेजस्वी हळूच म्हणाली. हळूच, पण माइकवर. “नाव सांगायला लागतं.”

हॉटेलात भजी तळल्याचा आवाज होता.

“नाव कशाला गं?” रुक्माबाई म्हणाली. “वळखत्यात की समदी. चहाला फुंकर मारत बसलं असतील. आन डाव्या पायातली चप्पल काढलेली असंल.”

मारुतीराव त्याच क्षणी चहावर फुंकर मारत होते. समोरच्या पोराचं भजं तोंडाशीच थांबलं. त्यानं बाकाखाली वाकून बघितलं. मग शेजारच्यानं वाकून बघितलं. आण्णाप्पा झारा हातात घेऊन गल्ल्यामागून बाहेर आला आणि त्यानंही बघितलं. डावी चप्पल बाकाखाली एकटी पडली होती.

“आमचे हे!” एकजण ओरडला. “आयला, हे आमचे हे!”

“मी मारुतीराव,” मारुतीराव उठून उभे राहिले. “सोसायटीचा माजी—”

“बसा हो आजोबा. आण्णाप्पा, ह्यास्नी गरम चहा दे. फोन लाव रं रेडिओला.”

फोन लागलाही. मारुतीरावांनी स्वतःच्या सापडण्याची बातमी फळीवरच्या रेडिओतून आणि शेजारच्या पोराच्या तोंडून एकदमच ऐकली. “हॅलो, आमचे हे घावले. मच्छेत हाईत. भजी देऊ काय त्यास्नी?”

“नको, ॲसिडिटी हाय,” रेडिओ म्हणाला. “आन मष्णूला कुणीतरी सांगा. मष्णू गाडी घेऊन हुडकाय गेलाय. मष्णू येळ्ळूरच्या वाटंला असंल. मष्णूला म्हणावं मच्छेला जा, आन मष्णू, गाडी हळू चालव. कुठनं कुठं फिरला असंल बिचारा मष्णू! बरं, तर आज आपण काय बोलणार हुतो?”

येळ्ळूरच्या वाटेला मष्णूला ओळखत नाही असा कुणी उरलेला नव्हता. चहाचा दुसरा कप संपायच्या आत तो हॉटेलपुढं गाडीवर हजर झाला. पोरांनी त्यालाही ओळखलं. एकानं फोटो काढला. मारुतीराव फोटोत अर्धे आले.

“बस मारत्या,” मष्णू म्हणाला.

मारुतीराव मागं बसले. मच्छे मागं पडल्यावर मष्णूनं तोंड उघडलं.

“कुठं गेलतास?”

“निपाणीला.”

“का?”

“काम हुतं.”

“झालं?”

“न्हाय.”

मष्णूनं एक खड्डा चुकवला. “मारत्या, एक सांगू? तुझ्या बायकोला म्हणावं, माझं नाव घ्यायचं थांबव. जयी रोज भांडतीया माझ्यासंगं. म्हणती, रुक्माक्का रोज घेती आन मी जलमात एकदा घेतलं, ते बी संक्रांतीला. मी म्हणलं, मी काय सांगाय गेलतो काय? तर म्हणती, मग तिला तुमची बदकाची गोष्ट कशी म्हायती?”

“कशी म्हायती?”

“तूच सांगितलीस की रं तिला. शाळेतली. मला बदकानं धरलंतं ती.”

मारुतीरावांना आठवलं. मष्णूच्या बऱ्याच गोष्टी रुक्माबाईला त्यांनीच सांगितल्या होत्या, सोसायटीतनं येऊन, रात्री जेवताना, चेष्टा म्हणून. राखेची, शिट्टीची, बदकाची. तिनं त्यातली चेष्टा तेवढी पाखडून टाकली होती आणि माणूस ठेवला होता.

घरी रुक्माबाई त्यांच्या आधी पोचली होती. तिनं पाण्याचा तांब्या दिला, ताट वाढलं. कुठं होता म्हणून विचारलं नाही. मारुतीराव जेवले. हात धुतले. चूळ भरली. शेवटी भिंतीकडं बघत म्हणाले, “माणूस बेपत्ता झाला तर नाव सांगत्यात.”

“सांगत्यात की.”

“मग?”

“तुमी कुठं बेपत्ता हुता?” ती भांडी गोळा करत म्हणाली. “तुमी रुसला हुता. नवी टोपी घालून कोण बेपत्ता हुतंय?”

तरी ते बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीच्या बाहेर गेला नसेल. “मला एकदा ऐकायचं हुतं. तुझ्या तोंडनं. समद्यांचं घेतीस.”

रुक्माबाई उठता उठता थांबली. तिनं दार लोटून घेतलं. परत भांड्यांपाशी बसली, राखेची चिमूट घेऊन तवा घासायला लागली, आणि तव्याला सांगितल्यासारखं म्हणाली, “मारुतीराव.”

तवा घासल्याचा आवाज चालू राहिला.

“जरा मोठ्यानं,” मारुतीराव म्हणाले.

“मोठ्यानं कशाला? हितं तुमीच हाईसा की ऐकाय.”

मारुतीराव बाहेर येऊन सोप्यात बसले. त्यांना फार मोठं काहीतरी मिळालं होतं. पहिला विचार मनात आला तो असा, की हे मष्णूला मिळालेलं नाही. जयाबाईनं घेतलं ते उखाण्यात, बायांच्या धाकानं, तिळगुळाच्या आशेनं. हे तसं नव्हतं. हे गावात कुणालाच मिळालेलं नसणार. दुसरा विचार आला तो असा, की हे कुणालाही सांगता येणार नाही. बायकोनं माझं नाव घेतलं, अशी बढाई कुठल्या पारावर मारायची?

आणि तिसरा विचार आला तेव्हा ते ताडकन उठून उभे राहिले. पुढच्या बुधवारी ती हे रेडिओवर सांगेल.

ती सगळंच सांगायची. काही राखून ठेवलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. जी गोष्ट चार गावांनी ऐकावी म्हणून ते निपाणीपर्यंत जाऊन आले होते, ती आता चार गावं ऐकतील याचीच त्यांना धास्ती बसली. नको सांगूस, असं म्हणायला दोनदा तोंड उघडलं. एकदा आमटी मागितली, एकदा पाणी.

बुधवारी ते सोप्यात एकटेच रेडिओ घेऊन बसले. चहाला कुणाला बोलावलं नाही.

रुक्माबाईनं सांगितलं. नवी टोपी सांगितली. निपाणी सांगितली, ती तिला मष्णूकडनं कळली होती. आण्णाप्पाचं हॉटेल सांगितलं, बाकाखालची चप्पल सांगितली आणि स्टुडिओत तेजस्वी खुदूखुदू हसल्याचं सगळ्यांनी ऐकलं. मष्णूनं कसं आणून घरापाशी सोडलं तेही आलं. मारुतीराव रेडिओच्या इतके जवळ सरकले की काडी कानात जायला आली.

“मग घरात आले,” रुक्माबाई म्हणाली. “जेवले.”

आणि ती थांबली. रेडिओवर ती कधी थांबत नसे. केंद्र बंद पडलं की काय म्हणून पिरनवाडीत कुणीतरी बटण फिरवलं असेल.

“आन झोपले,” ती म्हणाली. “तर बियाणाची मसूर. मष्णू काय करतो, राख चाळून घेतो.”

मष्णूचं नाव तिनं त्यानंतरही घेतलं, नेहमीसारखंच, मागंपुढं न बघता. मारुतीरावांना राग आला. नेहमीएवढा आला नाही, पण हे मष्णूला सांगायचं त्यांना काही कारण दिसेना.